काकडीला मादी फुलं भरपूर, पण फळं वाकडी आणि गळ जास्त: मधमाश्यांच्या पेट्या किती, कधी, कुठे?

मांडववाला (प्रश्न)

एक एकर काकडी आहे, उघड्यावर, तारेच्या मांडवावर. लागवडीला ३८ दिवस झाले. मादी फुलं रोज दिसतात, पण बोटाएवढी झालेली फळं चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी पडून सुकतात. जी टिकतात त्यांतली बरीचशी कोयत्यासारखी वाकतात किंवा मधेच बारीक राहतात. विद्राव्य खतं वेळापत्रकाप्रमाणे चालू आहेत, पाणी ठिबकवर एक दिवसाआड. कीटकनाशकाची फवारणी सकाळी सात ते नऊ, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. बांधापलीकडे अर्धा एकर दुधी-दोडका आणि दहा गुंठे शेडनेटमध्ये टोमॅटो आहे.

हा परागीभवनाचाच दोष आहे हे खात्रीनं कसं ओळखायचं? असेल तर पेट्या किती आणि कधी आणायच्या? त्याच माश्या दुधी, दोडका, टोमॅटोलाही पुरतील का?

वेलभाज्या

पेट्यांचं ठरवण्याआधी आठवडाभराची एक चाचणी करा. खर्च काहीच नाही, फक्त दोन रंगांचा दोरा लागतो.

संध्याकाळी मांडवाखाली फिरून दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी कळ्या हेरा. पाकळ्यांच्या टोकाला पिवळा रंग चढलेला असतो आणि मागे इवलीशी काटेरी काकडी असते, त्यामुळे ओळखायला चुकत नाही. अशा तीस कळ्या निवडा. दहांच्या देठाला लाल दोरा, दहांना पांढरा. उरलेल्या दहा कळ्यांच्या टोकाला धाग्याचा सैल वेढा द्या, म्हणजे त्या उमलणार नाहीत आणि माशी आत शिरणार नाही.

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान लाल दोऱ्याच्या फुलांना हातानं पराग द्या. ताजं उमललेलं नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचा. कुक्षीला तीन पाळ्या असतात, तिन्हींवर पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. भिंग असेल तर लावून बघा, कण वेगवेगळे दिसतात. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा, चाचणीत कंजुषी नको. पांढऱ्या दोऱ्याच्या फुलांना हात लावू नका. त्या दिवशी फवारणीही नको.

सहाव्या दिवशी मोजा. लाल दोऱ्याची फळं सरळ वाढली आणि पांढऱ्याची गळली किंवा वाकली, तर परागीभवन कमी पडतंय. दोन्हीकडची सारखीच गळली, तर मुळं, पाणी, विषाणू किंवा वेलावर आधीच लटकलेल्या फळांचा भार बघा. तिथे माश्या आणून उपयोग नाही. बांधलेल्या फुलांनीही छान फळ धरलं, तर तुमचं वाण परागाशिवाय फळ धरणारं आहे आणि मग सगळा विचार उलटा करावा लागेल.

दुसरी खूण फळातच मिळते. वाकडी काकडी उभी चिरा. जिथे बी भरलेलं आहे तिथे गर फुगलेला असतो. जिथे बी म्हणजे नुसती चपटी पांढरी साल आहे, तिथे फळ बारीक राहिलेलं असतं. कारण भरणारं प्रत्येक बी आसपासच्या गराला वाढायला लावतं. परागकण कमी पडले किंवा एकाच बाजूला पडले की एक बाजू वाढते, दुसरी मागे राहते आणि फळ त्या मागे राहिलेल्या बाजूकडे वळतं. कलिंगडात हाच दोष देठाकडे बाटलीच्या मानेसारखा दिसतो.

मात्र फळमाशीनंही काकडी वाकते, हे विसरू नका. फळमाशी असेल तर सालीवर टाचणीएवढा टोचा आणि त्यावर चिकट डिंकाचा थेंब सापडतो, चिरल्यावर आत अळ्या दिसतात. ते दुखणं वेगळं, उपाय वेगळा. ऐन वाढीत पाण्याचा ताण बसला तरी टोकं निमुळती होतात, म्हणून एक दिवसाआडचं पाणी मुळाशी हात घालून तपासा.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात खटकलेली ओळ: फवारणी सकाळी सात ते नऊ. काकडीचं मादी फूल आयुष्यात एकच दिवस उमलतं आणि त्यातही कामाचे तास सकाळचेच. नर फुलाचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यानं जात नाही, कोणीतरी अंगावर वाहून न्यावाच लागतो. एका मादी फुलावर आठ-दहा वेळा माशी बसली तर फळ नीट भरतं. एका भेटीत भागत नाही. कलिंगडाला तर तिन्ही पाळ्यांवर मिळून हजाराच्या घरात परागकण लागतात. हे सगळं ज्या दोन-तीन तासांत उरकायचं, नेमक्या त्याच वेळी तुम्ही औषध मारताय. पेट्या आणायच्या आधी ही वेळ बदला. बदलली नाही तर आणलेल्या पेट्याही मरतील.

पेटीपाळ

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. फवारणीची वेळ बदलेपर्यंत कोणताही जाणता मधपाळ तुमच्याकडे पेटी ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

पेट्या मागवण्याआधी आहेत त्या माश्या मोजा. सकाळी नऊच्या सुमारास, ऊन असताना, मांडवाच्या कडेनं हळू चालत उमललेली शंभर फुलं बघा. त्या क्षणी किमान एका फुलावर माशी बसलेली दिसली पाहिजे. चार-पाच ठिकाणी मोजूनही शंभरात एक भरत नसेल तर पेट्या हव्यात. मोजताना फक्त पेटीतल्या मधमाश्या धरू नका. फुलोरी, आग्या, डंख नसलेल्या बारक्या माश्या, जमिनीत बिळं करून एकेकट्या राहणाऱ्या माश्या, सगळ्या कामाच्याच. बांधावरची थोडी उघडी, न नांगरलेली जमीन ठेवलीत तर यांतल्या बऱ्याच तिथेच घर करतात.

संख्या: एकरी एक जोमदार मेलिफेरा (मोठी पाळीव परदेशी मधमाशी) पेटी हा पाया. वेलांची दाटी जास्त असेल किंवा जवळपास माश्यांना जास्त आवडणारं दुसरं काही फुललेलं असेल तर दोन. सातेरी या आपल्या देशी पाळीव मधमाशीची वसाहत लहान असते, तिथे दोन ते तीन धरा. पण पेट्यांच्या आकड्यापेक्षा पेटीत काय आहे हे महत्त्वाचं. झाकण उघडून बघायला सांगा. मेलिफेराच्या किमान आठ फ्रेम दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या, त्यांतल्या चार-पाचांत अंडी-अळ्या, राणी अंडी घालती. पोळ्यातल्या षटकोनी कप्प्यांच्या तळाशी मोत्यासारख्या पांढऱ्या, वळून पडलेल्या उघड्या अळ्या दिसल्या पाहिजेत. त्या अळ्यांना परागाचं अन्न लागतं, म्हणून त्या वसाहतीच्या माश्या परागामागे धावतात. मधानं गच्च भरलेली पण अळ्या नसलेली पेटी उचलायला जड लागते, परागीभवनाला मात्र हलकी. आणि दोन दुबळ्या पेट्या म्हणजे एक चांगली पेटी, असा हिशेब होत नाही. दुबळ्या वसाहतीतल्या बहुतेक माश्या घरातच गुंतून पडतात.

वेळ: पहिली मादी फुलं उमलू लागली की त्याच दोन दिवसांत. नर फुलं आठवडाभर आधी येतात, त्यांना बघून घाई करू नका. काकडीचं फूल माश्यांच्या दृष्टीनं गरीब, मकरंद थोडा आणि परागही थोडा. पेटी लवकर आली तर माश्या आसपासचा दुसरा फुलोरा शोधतात, आणि एकदा एका जातीच्या फुलाची सवय लागली की तीच फुलं धरून बसतात. तुमच्या पिकाला ३८ दिवस झालेत, म्हणजे आता उशीरच म्हणायचा. चाचणी लावा आणि तोवर मधपाळाशी बोलून ठेवा.

ठेवण्याची पद्धत:
– रात्री हलवायच्या, दार बारीक जाळीनं बंद करून. पहाटे जागेवर ठेवल्यावर अर्ध्या तासानं दार उघडायचं.
– तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन दारावर पडतं आणि माश्या लवकर बाहेर पडतात. दुपारी मात्र सावली हवी. डोक्यावर ऊन तापलं की निम्म्या माश्या पाणी आणून पेटी गार करण्यात अडकतात.
– फूटभर उंच स्टँड, पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या चढतात.
– प्यायला उथळ पाणी, त्यात खडे टाकून, पहिल्या दिवसापासून. ते नसेल तर माश्या ठिबकच्या गळक्या जोडावर किंवा औषध कालवण्याच्या पिंपावर जातात, आणि तिथे मरतात.
– एकदा ठेवलेली पेटी शेतातल्या शेतात पन्नास-शंभर मीटर सरकवू नका. बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परत येऊन घोटाळतात. हलवायचीच तर रात्री तीन-चार किलोमीटरपलीकडे.

मधमाशी तीन किलोमीटरपर्यंत जाते हे खरं, पण म्हणून पेट्या लांब ठेवू नका. थंड, ढगाळ किंवा वाऱ्याच्या दिवशी ती पेटीजवळच फिरते. तापमान १३ अंशांखाली असेल तर मेलिफेरा फारशी बाहेरच पडत नाही. पीक शंभर-दोनशे मीटरच्या आत असावं.

मांडववाला

चाचणी आजच लावतो. फवारणी संध्याकाळी नेली तर चालेल ना? आणि बियाण्याच्या पाकिटावर 'मुख्यतः मादी फुले' असं लिहिलंय. त्यात काही वेगळी रोपं मिसळलेली असतात का?

वेलभाज्या

हो, आणि हे आधी सांगितलंत ते बरं झालं. अशा वाणाच्या वेलावर जवळजवळ सगळी फुलं मादीच येतात. त्यांना पराग पुरवायला पाकिटातच दहा-बारा टक्के वेगळ्या वाणाचं बी मिसळलेलं असतं, त्याला नर फुलं भरपूर येतात. बऱ्याचदा ते बी वेगळ्या रंगात रंगवलेलं असतं. गोंधळ होतो तो विरळणीत. ती रोपं कधीकधी उशिरा उगवतात, बारकी दिसतात, आणि 'कमजोर' म्हणून तीच उपटली जातात. मग शेतात परागच उरत नाही आणि माशी येऊनही रिकाम्या हातानं जाते. उद्या सकाळी सलग पन्नास वेल तपासा. नर फुलं गुच्छानं येतात, मागे काकडी नसते. पन्नासांत असे चार-पाच वेलही सापडले नाहीत, तर पेट्यांच्या आधी ही उणीव भरावी लागेल. वेगळ्या काकडीचे भरपूर नर फुलं देणारे वेल कडेला लावता येतात, पण त्यांना फुलायला महिनाभर लागेल.

जाळीतली बिनबियांची काकडी असेल तर याच्या बरोब्बर उलट. तिला पराग मिळू द्यायचाच नाही. मिळाला तर बी धरतं, फळाचं टोक गदेसारखं फुगतं. तिथे माशी आत येऊ नये म्हणून जाळीची शिवण तपासायची.

सांजफूल

दुधी आणि दोडक्याबद्दल. या दोघांसाठी पेट्यांवर भिस्त ठेवू नका.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री काम करतं. त्याला पराग पोचवणारे मुख्यतः पतंग, त्यातही लांब सोंडेचे. दोडक्याचं फूल पिवळं असलं तरी तेही दिवस कलल्यावर उमलतं. तोवर मधमाश्या पेटीत परतलेल्या असतात. सकाळी उघडी राहिलेली काही फुलं त्यांना मिळतात, पण तेवढ्यावर भागत नाही. कारलं, भोपळा, घोसाळं ही मात्र पहाटे-सकाळी उमलतात, त्यांना मधमाशी चालते. भोपळ्याची फुलं तर दुपारच्या आत मिटतात, म्हणून तिथे सकाळचे पहिले तीन-चार तासच खरे.

दुधीला हातानं पराग द्यायचा तर सूर्यास्ताच्या सुमारास, फूल पूर्ण उमललं की. पद्धत काकडीचीच. अर्धा एकर म्हणजे दोन माणसांचं तासाभराचं काम, आणि तेही सगळ्या फुलांना नको. वेलावर फळं कमी असतील तेव्हाच.

अडचण फवारणीत आहे. काकडीसाठी सगळे 'संध्याकाळी मारा' सांगतात आणि ते बरोबर आहे, पण संध्याकाळची ती फवार बांध ओलांडून दुधीवर गेली तर पतंग मरतात. तुमच्याकडे दोन्ही पिकं शेजारी आहेत, म्हणून दोघांच्या मधला वेळ शोधावा लागेल. काकडीची फुलं दुपारनंतर मिटतात, दुधी-दोडक्याच्या कळ्या पाचच्या आसपास सुटू लागतात. तीन ते साडेचार एवढाच मोकळा वेळ सापडतो. तेव्हा दुधीची कळी बंद असते, म्हणून औषध आतल्या भागावर बसत नाही. या वेळेत ऊन तापलेलं असेल तर गंधक आणि तेलकट औषधं टाळा, वेलवर्गाची पानं करपतात. वारा असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

जपून_फवारा

वेळ पाळूनही माश्या मरतात, त्याची कारणं बहुतेकदा औषधातच असतात.

भुकटीची औषधं सगळ्यात वाईट. माशीच्या अंगावरच्या केसांत ती परागासारखीच अडकतात आणि परागाबरोबर पेटीत जाऊन अळ्यांना खाऊ घातली जातात. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही आंतरप्रवाही औषधं. ठिबकमधून आळवणी केली तरी वेलातून मकरंदात आणि परागात उतरतात, तिथे 'संध्याकाळी दिलं' याला अर्थ राहत नाही. याच तिघांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघानं २०१८ साली बंद केला. फुलोऱ्यात यांची आळवणी नकोच.

स्पिनोसॅड ओलं असताना माशीला घातक, पण सुकल्यावर तीन तासांत धोका खूप उतरतो. अळीसाठी बीटी (जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक) चालतं. पिरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक आणि ट्रायझोल गटातलं बुरशीनाशक एकाच टाकीत मिसळू नका. बुरशीनाशकामुळे माशीच्या शरीरात विष पचवण्याची क्रिया मंदावते आणि एरवी सोसलं असतं तेवढ्या औषधानंही ती मरते.

मांडवाखाली तण फुललेलं असेल तर आधी ते कापा. काकडीची फुलं मिटलेली असली तरी माश्या तणावर असतातच.

फवारणी ठरली की मधपाळाला दोन दिवस आधी कळवा. पेट्या बंद ठेवायच्या तर आदल्या रात्री दारं जाळीनं बंद करून वरून ओलं गोणपाट टाकायचं. बंद दिवस एकच. उन्हाळ्यात त्याहून जास्त बंद ठेवल्या तर माश्या आतच गुदमरतात. दारासमोर जीभ बाहेर आलेल्या माश्यांचा ढीग दिसला तर विषबाधाच समजा.

जाळीतला_टोमॅटो

टोमॅटोच्या दहा गुंठ्यांत मधमाश्यांची पेटी ठेवू नका. दोन कारणं आहेत.

एक, टोमॅटोचे पुंकेसर एकमेकांना चिकटून पिवळी नळी झालेली असते आणि पराग आतल्या बाजूला सुटतो. तो बाहेर पाडायला फूल हलवावं लागतं. बंबलबी, मोठा काळा सुतार भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी हे फुलाला धरून लटकतात, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात आणि पराग झरझर खाली पडतो. मधमाशीला ही थरथर देता येत नाही. शिवाय टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो, म्हणून तिला तिथे येण्याचं कारणच नाही. दोन, जाळीत कोंडलेल्या मधमाश्या उजेडाकडे धावून कोपऱ्यात आपटतात आणि मरतात.

उघड्या शेतात हे काम वारा करतो, कारण टोमॅटोचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरतं, फक्त हलायला हवं. शेडनेट वारा अडवतं. म्हणून एक दिवसाआड, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, बॅटरीवरचा टूथब्रश किंवा कंपन देणारी कांडी फुलांच्या घोसाच्या देठाला सेकंदभर टेकवा. फुलाला टेकवायची नाही, कुक्षी दुखावते. हवेतली आर्द्रता ६० ते ७० टक्के असेल तर पराग सुटा पडतो. फार दमट झालं की गोळे होतात आणि अगदी कोरडं झालं की कुक्षीवर चिकटत नाही.

युरोपात १९८७ च्या सुमारास बंबलबीच्या वसाहती तयार करून विकायला सुरुवात झाली आणि हरितगृहातल्या टोमॅटोचं काम त्यांच्याकडे गेलं. माशी येऊन गेली की पिवळ्या नळीवर तपकिरी ओरखडा राहतो, त्यावरून भेटी मोजतात. पण जिथली ती मूळची नाही तिथे आणू नये. जाळीतून निसटली की रोग आणि स्पर्धा दोन्ही घेऊन बाहेर पडते.

दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर परागच वांझ होतो. तेव्हा कांडी, भुंगा, काहीच कामाला येत नाही. आधी सावली आणि हवा खेळती करा.

वांग्याबद्दल कोणी विचारलं नाही, पण चूक सारखीच होते म्हणून सांगतो. वांग्यात काही फुलांची कुक्षी पुंकेसरांच्या वर आलेली असते, काहींची आत बुडालेली. आत बुडालेली फुलं गळणारच, त्याचा दोष माश्यांना देऊ नये.

मांडववाला

तीस कळ्या बांधून झाल्या. शेवटचा प्रश्न: पेट्या किती दिवस ठेवायच्या?

पेटीपाळ

तीन ते चार आठवडे. काकडीवर वसाहतीचं पोट भरत नाही, त्यामुळे आठवड्याला झाकण उघडून मधाचा साठा बघा. कमी असेल तर संध्याकाळी पेटीच्या आत साखरेचा पाक द्या, साखर आणि पाणी समप्रमाणात. बाहेर उघड्यावर पाक ठेवलात तर शेजारच्या वसाहती लूट करायला येतात. आत दिलेल्या पाकाचा आणखी एक फायदा होतो: मकरंद आणणाऱ्या काही माश्या मोकळ्या होऊन परागाकडे वळतात. तिसऱ्या आठवड्यात अळ्या कमी दिसू लागल्या तर पेटी चांगल्या फुलोऱ्यावर हलवून तिच्या जागी ताजी वसाहत मागा. हे ठरवताना मधपाळाशी आधीच बोलून घ्या.